कोण रवला नाय मां?

मार्च लागला की माझं डोकं तापायला लागतं. उन्हाने नव्हे, उन्हाची सवय आहे. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या वाटाण्याएवढ्या झालेल्या असतात, काजूच्या बोंडांचा आंबूस वास परड्यात भरलेला असतो, पुळणीवर सुकत घातलेल्या माशांचा दर्प दुपारच्या वाऱ्याबरोबर थेट माझ्या माजघरात येऊन बसतो. हे सगळं मला आवडतं. पण याच दिवसांत नाक्यावर फलक लागतो. पूर्वी कापडी असायचा, आता फ्लेक्स असतो. त्यावर हात जोडलेले पदाधिकारी, दहावीच्या मुलांना शुभेच्छा, आणि खाली फळ्यावर मावणार नाहीत अशा अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’.

लोक ते वाचून मान डोलावतात. मला वाटतं, कुणाला तरी धरून विचारावं, बाबांनो, शंभर झाले ते कळलं, पण ते शंभर व्हावेत म्हणून दाराबाहेर किती जणांना ठेवलंत ते कुठे लिहिलंय? मी विचारतेही. म्हातारपणाचा तेवढा एकच फायदा असतो. परवा फ्लेक्स बांधणाऱ्यालाच विचारलं, तर तो शिडीवरून म्हणाला, “बाई, माका कित्याक इचारतास? मी सोता दहावी नापास.”

मी हसले. पण घरी येईपर्यंत हसू उतरलं आणि डोळ्यांपुढे सुली आली. सुली म्हणजे सुलोचना तांडेल, माझी विद्यार्थिनी. तशी ती रोजच डोळ्यांपुढे असते, कारण ती माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहते. पण मार्चमध्ये मला दिसते ती सोळा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, निळ्या स्कर्टाचा काठ समुद्राच्या पाण्याने ओला झालेली.

मी मूळची खारेपाटणची. ऐंशीच्या सुमाराला मालवणच्या उत्तरेकडच्या या किनाऱ्यावर मराठी आणि इतिहास शिकवायला आले, आणि बदली माग, बदली माग असं घरचे सांगत असताना इथेच राहिले. आमच्या घरात मासा शिजत नसे. समुद्र मी लांबून पाहिला होता, तोही सुट्टीत विजयदुर्गाच्या तटावरून. इथे मात्र शाळेच्या खिडक्यांखालीच पुळण होती. वर्गात शिवाजी महाराज आरमार बांधत आणि खाली रापणकरांची आरडाओरड चाले. कुणाचा आवाज मुलांच्या कानात जास्त शिरायचा, ते मी सांगायला नको.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं घेऊन आत जाते, मोठा अर्धगोल मारून परत येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात. त्या दोऱ्या माणसं ओढत असतात. बायका, म्हातारे, मुलं, जो असेल तो. मी आलेल्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी छत्री घेऊन उभी राहून हे सगळं बघत होते, तर कंबरेला पदर खोचलेली एक बाई माझ्यावर ओरडली, “ओ बाई, बघतास काय? हात लावा!” ती सुलीची आई. वाड्यावर सगळे तिला सुलीची आवस म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मी छत्री वाळूत खुपसली आणि दोरी धरली. माझ्या पुढे तिची आठवीतली सुली ओढत होती. ती मागे वळून माझ्या पायांकडे बघून म्हणाली, “बाई, टाचो रेवेत रोवा, नायतर पडशात.” वर्गात मी तिला आदल्याच दिवशी सरळ बस म्हणून रागावले होते.

तळहातांची सालं निघाली. जाळं किनाऱ्याला लागलं, चांदीसारखे बांगडे वाळूवर पसरले आणि वाटे पडू लागले. तर माझ्यापुढेही तीन बांगडे. मी म्हटलं, अहो, मी खात नाही, आणि मी ओढलं ते किती? सुलीच्या आवशीने कंबरेवर हात ठेवले. “किती वडलास ता कोण इचारता? दोरीक हात लावलो, त्याचो वाटो. आता नको म्हणाक गावाचा नाय.”

तिथे एक आजी होती. तिच्याने ओढणं होत नव्हतं, ती नुसती दोरीवर हात ठेवून चालत होती. तिलाही वाटा मिळाला. तिच्याकडे कुणी ‘हिने काय केलं’ अशा नजरेने पाहिलंसुद्धा नाही. मी ते तीन बांगडे केळीच्या पानात घेऊन घरी आले. घरमालकिणीने ते तिरफळं घालून शिजवले आणि मी जेवले. माझी आई शेवटपर्यंत म्हणत होती, मालवणवाल्यांनी माझी पोरगी बाटवली.

पुळणीवरचा कायदा हा असा. आणि त्याच पुळणीच्या वर, चिऱ्याच्या जोत्यावर, आमची शाळा होती. तिथला कायदा वेगळा होता.

आमचे हेडसर नावाजलेले. गणित ते स्वतः शिकवायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. शाळा उभी राहावी म्हणून त्यांनी मुंबईतल्या चाकरमान्यांचे उंबरठे झिजवले होते, पावसात कौलं गळली तर स्वतः शिडीवर चढले होते. हे मी नाकबूल करत नाही. माणूस दुष्ट असता तर माझं काम सोपं होतं. पण ऑफिसच्या दाराशी त्यांनी एक फळा रंगवून घेतला होता, काळ्यावर पिवळी अक्षरं. दर वर्षाचा दहावीचा निकाल त्यावर रंगाने लिहिला जायचा. खडूने नव्हे, ऑइलपेंटने. अलीकडची सगळी वर्षं शंभर होती. शाळेत पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी तो फळा दाखवत. हळूहळू मुलं त्या फळ्यासाठी शिकतायत, की फळा मुलांसाठी आहे, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं.

सुली दहावीत आली. तिच्या वाड्यावरची इतकी शिकलेली ती पहिलीच मुलगी. हुशार होती का, असं मला लोक विचारतात. लोकांना हुशारच लागते. मी सांगते, मधली होती. गणितात कच्ची, इतिहासात सनावळ्यांची खिचडी करणारी. पण निबंध लिहायला बसली की माझी मान वर व्हायची. ‘माझा आवडता ऋतू’ असा निबंध दिला होता. साऱ्या वर्गाने गाईडमधला वसंत उतरवला, कोकिळेसकट. सुलीने लिहिलं, “मला थंडी आवडते. थंडीत बांगडा काठाला येतो आणि मग आमच्या घरात कोणी कोणावर ओरडत नाही.” मी तो निबंध स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. हेडसर म्हणाले, “छान आहे, पण जरा माशाचा वास येतो.” सगळे हसले. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षा असायची. गणिताच्या पेपराच्या दिवशी मी वर्गावर होते. थंडी चांगली पडली होती, खिडकीतून कोवळं ऊन बाकांवर आलं होतं. पेपर अर्धा झाला असेल नसेल, खालून आरडाओरड सुरू झाली. नेहमीची नव्हे. रापणीत बांगडा इतका शिरला होता की जाळं ओढवत नव्हतं, आणि ओहोटीने ते आत खेचलं जात होतं. असं जाळं फाटलं की नुसते मासे जात नाहीत, अख्ख्या वाड्याचं वर्ष जातं. अशा वेळी कुणी कुणाला बोलवायचं नसतं. ऐकू आलं की जायचं. चुलीवरचा भात टाकून जायचं, देवळातली पूजा टाकून जायचं. हे इथे तान्ह्या पोरालाही माहीत असतं.

सुलीने पेन ठेवलं. माझ्याकडे बघितलं. तिने पेपर नीट घडी करून बाकावर ठेवला, त्यावर कंपासपेटी ठेवली वारा लागू नये म्हणून, आणि गेली. खिडकीतून मला ती स्कर्ट खोचून दोरीला भिडताना दिसली. जाळं वाचलं. संध्याकाळी साऱ्या गावात बांगड्याचा वास होता. शाळामास्तरांच्या घरी वाटा पोचवायचा, ही इथली जुनी रीत. वाटे घेऊन सुलीच फिरत होती, केस अजून ओले, पाटी डोक्यावर. माझ्या दारात आली तेव्हा म्हणाली, “हेडसरांकडे देवन इलंय. म्हणाले, बरे मोठे आसत.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हेडसरांनी तिला ऑफिसात बोलावून सांगितलं, तू या वर्षी बसायचं नाही.

इतकी वर्षं झाली, तरी हेडसरांना धरून विचारावंसं वाटतं. ज्या बांगड्यांपायी तिचा पेपर बुडाला, ते बांगडे रात्री तुमच्या तव्यावर होते! काटे काढून काढून खाल्लेत! तेव्हा तुम्हाला तो वास आला नाही?

मी तरातरा ऑफिसात गेले. हेडसर शांत होते. ते कायम शांत असत. म्हणाले, “बाई, पूर्वपरीक्षेत नापास झालेल्या मुलांना आपण पाठवत नाही. शाळेचं धोरण आहे.”

“बोर्डाचा तसा नियम आहे का?”

“नियम नाही. पण पालक ऐकतात. पुढच्या वर्षी तयारीने बसेल. तिच्याच हिताचं आहे.”

“तिच्या की फळ्याच्या?”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “निकाल खाली आला तर उद्या अनुदानाला कात्री लागेल. एका मुलीसाठी मी शाळा पणाला लावू?” मग टेबलाच्या खणाला किल्ली लावली. बोर्डाकडून हॉल तिकिटं आली की ती त्याच खणात राहणार होती, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे फेब्रुवारीत तिकिटं आली. बाकीच्या मुलांना मिळाली, सुलीचं खणातच राहिलं.

ऑफिसात हे बोलणं झालं त्याच संध्याकाळी मी तांडेलांच्या वाड्यावर गेले. सुलीची आवस अंगणात मासे फोडून मीठ लावत होती, सुली शेजारी बसून खवलं काढत होती. मी सांगायला सुरुवात केली तर सुलीच्या आवशीने मला मध्येच थांबवलं. “बाई, हेडमास्तर इतके शिकलेले. ते सांगतत ता आमच्या बऱ्यासाठीच मां? फुडल्या साली बसतला चेडू.”

“फुडल्या साली तू तेका बसवतलंस?”

तिचा मीठ लावणारा हात चालूच होता. मग हळूच म्हणाली, “फुडल्या साली तेचा लगीन. विजयदुर्गासून मानसां बघून गेली हत.”

म्हणजे सगळं स्पष्ट होतं. हेडसरांच्या ‘पुढच्या वर्षी’चा अर्थ ‘कधीच नाही’ असा होता. हेडसरांना ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. गावात कुणाच्या घरी कुठली माणसं बघायला येतात, हे कावळ्यांनासुद्धा माहीत असतं.

सुलीने तोवर मान वर केली नव्हती. आता केली. “बाई,” ती म्हणाली, “मी नापास झालंय तरी चलात. पण माका बसूक व्हया.”

नापास झाले तरी चालेल, पण बसायचं आहे. मी अध्यापनशास्त्राची पदवी घेऊन आले होते, मूल्यमापनावर मोठमोठी उत्तरं लिहिली होती. शाळेकडून मुलाला काय हक्काचं मिळायला हवं, ते इतक्या सरळ शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. मी परत आले. वाटेत मला रडू आलं, आणि रडू येतंय याचा आणखी राग आला.

फेब्रुवारी असाच गेला. मी संस्थेच्या लोकांना भेटले. त्यांनी चहा दिला. मालवणला जाऊन ओळखीच्या एका अधिकाऱ्याला भेटले, तो शुद्ध मराठीत म्हणाला, शाळेच्या अंतर्गत बाबीत आम्ही पडत नाही. मी मात्र रोज संध्याकाळी सुलीला घरी बोलावून शिकवत होते. गणितही. मला येत नव्हतं तेवढं आम्ही दोघी मिळून शिकलो. ती येताना कधी ओल्या नारळाची कवड, कधी कोकमं आणायची, आणि समीकरण सुटलं नाही की कपाळाला हात लावून म्हणायची, “ह्या ‘एक्स’ची आवस खंय गेली?” घरमालकीण दाराआडून हसायची. बाहेर मोहोराचा वास इतका दाट असायचा की डोकं दुखायचं. त्या वर्षीचा मोहोर मला अजून नाकात आहे.

आमच्या गावी एक रीत आहे. परीक्षेच्या आदल्या रविवारी दहावीची सगळी मुलं ग्रामदेवीच्या देवळात जातात आणि गावकार त्यांच्या नावाने गाऱ्हाणं घालतो. गावकार म्हणजे देवळाचा पहिला मानकरी. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी उघड बोलणं. तो एकेक मागणं मागतो आणि जमलेल्या सगळ्यांनी त्यामागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. गप्प बसायची सोय नसते. न्यायाधीश असो की भिकारी, देवळात उभा आहे तर व्हय म्हणावंच लागतं. आणि एकदा देवासमोर व्हय म्हटलं की ते मागणं त्याच्याही अंगावर येतं.

तेव्हा गावकार होते आबा. धोतर, उघडं अंग, आवाज मात्र पुळणीपर्यंत जाईल असा. मुलं रांगेत उभी होती, तेल चोपडलेली डोकी, हातात नवी पेनं. हेडसर पुढे. मी बायकांत. सुली देवळात नव्हती. ती बाहेर दीपमाळेपाशी उभी होती, जेवढं जवळ यायचं तेवढी आली होती.

आबांनी नारळ हातात घेतला आणि दरवर्षी विचारत तसं विचारलं, “सगळी इली मां? कोण रवला नाय मां?”

कुणी राहिलं नाही ना, हे विचारणं मी इथे आल्यापासून दरवर्षी ऐकत होते. मला वाटायचं, नुसती म्हणायची पद्धत. पण तसं नव्हतं. गाऱ्हाण्यातून ज्याचं नाव राहिलं, त्याची राखण राहिली, आणि तो दोष गावकाराच्या माथ्यावर, असं इथे मानतात. म्हणून तो विचारून घेतो.

हेडसर म्हणाले, “आले, आबा, सगळे आले. करा सुरू.”

माझ्या अंगातून आग निघाली. “एक रवला, आबा,” मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. सारं देऊळ मागे वळलं.

“कोण ता?”

“तांडेलाचा सुली. ता भायर उभा आसा.”

हेडसर दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, हा शाळेचा अंतर्गत प्रश्न आहे. इथे नको.”

आबांना ऐकू कमी येतं असं सगळे म्हणत. त्यांना हे बरोबर ऐकू आलं. “मास्तर, अंतर्गत काय ता तुमच्या शाळेत. हय नाव रवला तर देवी माका इचारतली, तुमका नाय.” मग बाहेर तोंड करून त्यांनी हाक मारली, “गो सुले! भुतूर ये. भायर काय दिवो लावतंस?”

ती आत आली. अनवाणी, मान ताठ. मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. आबांनी डोळे मिटले.

“बा देवी म्हाराजा! आज सालाबादपरमाणे ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उभी आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जा काय शिकली आसत, ता तेंका पेपरात आठवांदेत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या तांडेलाच्या सुलीक जर कोण आडवो येत आसात, तर तेका बरी बुद्धी दी आणि चेडवाक परीक्षेक बसव, म्हाराजा!”

मी हेडसरांच्या तोंडाकडे बघत होते. टक लावून. सगळ्या देवळाचा आवाज उठला, आणि त्या आवाजात त्यांचे ओठ हलले. ‘व्हय म्हाराजा.’ मी पाहिलं.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर हॉल तिकीट पडलेलं होतं. वर पेपरवेट. हेडसर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, नंतरही बरेच दिवस नाहीत. मला काही फरक पडला नाही.

मालवणला पेपरांसाठी एसटीने जायचं. सुलीच्या शेजारची जागा रिकामी राहायची, कारण तिच्या आवशीची बाजारात न्यायची माशांची पाटी तिच्या बाकाखाली असायची आणि इतर मुलींना वास यायचा. मी तिथे बसायचे. ती खिडकीला डोकं टेकून पुटपुटत असायची. गणिताच्या पेपराहून परत येताना म्हणाली, “बाई, आज खालसून कोणी हाक मारूक नाय. पुरो वेळ बसलंय.” मालवणच्या केंद्राखाली पुळण नव्हती, हे ती मुद्दाम विसरली होती.

जूनमध्ये निकाल लागला. ती गणितात गेली. बाकी सगळ्या विषयांत पास.

आता सांगा, ज्या एका विषयात ती गेली, तो शिकवत कोण होतं? पण हेडसर मला म्हणाले, “बघितलंत, बाई?” एवढंच. आणि पेंटर आला, आणि फळ्यावर त्या वर्षापुढे शंभराऐवजी टिंब दिलेला एक आकडा रंगवून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं ते पाहुण्यांना फळा दाखवताना त्या ओळीवरून बोट चटकन खाली नेत. मी मात्र जाता-येता तीच ओळ वाचायचे. अख्ख्या फळ्यावर तेवढा एकच आकडा मला खरा वाटायचा.

मी घाबरत वाड्यावर गेले, म्हटलं, पोरगी रडत असेल. ती पागोळीखाली भांडी घासत होती. मला बघून उठली आणि म्हणाली, “बाई, एकाच पेपरात गेलंय! आमच्या घरात इतक्या जवळ कोण पोचाक नाय!” ऑक्टोबरात एकटीच एसटीने जाऊन पुन्हा बसली आणि पास झाली. विजयदुर्गाच्या माणसांना तिने कळवलं, थांबायचं तर थांबा. ते थांबले नाहीत. पुढे तिने आमच्याच गावातल्या होडीवाल्याशी लग्न केलं. हळद लावायला मला बोलावलं होतं.

“मग पुढे काय झाली ती?” हे विचारणारे लोक मला भेटतात तेव्हा मला मार्चमधल्याइतकाच राग येतो. त्यांना डॉक्टरीण हवी असते, तहसीलदारीण हवी असते. मी सांगते, मासे विकते. मालवणच्या बाजारात तिची जागा आहे, तिच्याशी घासाघीस करून कुणी जिंकलेलं नाही. मग ते म्हणतात, “अरेरे, मग उपयोग काय झाला?” उपयोग! त्या दोरीवर हात ठेवून चालणाऱ्या आजीने किती मासे ओढले, हे कुणी विचारलं होतं? ती बाजारातून येते, पाय धुते आणि ओसरीवर बसून चष्मा लावून पेपर वाचते, वाड्यावरच्या बायकांना वाचून दाखवते, आणि न पटलेल्या बातमीला शिवी घालते. मला एवढं पुरतं. आणि नसतं वाचलं तरी परीक्षेचा तो बाक तिचाच होता.

दर मोसमाचा पहिला बांगडा माझ्या दारात येतो. इतकी वर्षं एकदाही चुकलेला नाही. आता रापण क्वचित लागते. मोठमोठ्या बोटी दिवे लावून समुद्र झाडून नेतात, आणि त्यावर बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही. तरी सुली कुठून कुठून बांगडे आणते. मी म्हणते, अगो, मी आता एकटी, दात पडले, किती खाणार? ती पाटी उतरवते आणि म्हणते, “दोरीक हात लावलास मां? मगे वाटो घेवचोच लागतलो.” कुठली दोरी, ते ती सांगत नाही.

गेल्या रविवारी ती मला न्यायला आली. माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून तिच्या खांद्याला धरून गेले. आबा केव्हाच गेले. त्यांचा नातू बाबू आता गावकार आहे. एरवी मालवणात मोबाइलचं दुकान चालवतो, पण आवाज थेट आजोबांचा. हेडसरही नवे आहेत, चुणचुणीत, गळ्यात पट्टीचं ओळखपत्र. मुलं तीच, तेल चोपडलेली डोकी आणि नवी पेनं.

बाबूने घाईत नारळ उचलला आणि तोंड उघडलं. “रे बाबू,” माझ्या शेजारून सुलीचा आवाज गेला, “आधी इचार.”

ती दरवर्षी हे करते. तो दरवर्षी विसरतो. तो ओशाळला, म्हणाला, “सगळी इली मां? कोण रवला नाय मां?”

“सगळे आलेत, सगळे,” नवे हेडसर म्हणाले.

दरवर्षी इथे कुणी काही बोलत नाही. सुली थोडा वेळ थांबते, मागे नजर टाकते, मग मान हलवते आणि गाऱ्हाणं सुरू होतं. या वेळी ती मान हलवणार, तेवढ्यात मागच्या खांबापाशी उभी असलेली एक बाई बोलली. खाडीपलीकडून येते, शाळेतली खिचडी शिजवते.

“माजा रवला. माज्या चेडवाक सांगल्यानी, बाहेरून बस.”

बाहेरून बस, म्हणजे शाळेच्या निकालात मोजायला नको. नवा फ्लेक्स, नवे हेडसर, आणि जुनाच खण! माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी काही बोलणार, तर सुलीने माझा हात दाबला. हेडसर पुटपुटले, “अहो, तो विषय वेगळा आहे, आपण ऑफिसमध्ये बोलू.” बाबू कधी त्यांच्याकडे, कधी सुलीकडे बघत उभा राहिला.

“माज्याकडे काय बघतंस?” सुली म्हणाली. “चेडवाक भुतूर घी, आणि नाव घी.”

मुलगी आत आली. तन्वी तिचं नाव. बाबूने डोळे मिटले, आजोबांसारखेच, आणि तिचं नाव घेऊन मागितलं, हिका परीक्षेक बसव, म्हाराजा. साऱ्या देवळाचा आवाज उठला. मी मान पुढे करून नव्या हेडसरांच्या ओठांकडे बघत होते, पण माझ्या डोळ्यांना आता तेवढं लांबचं दिसत नाही.

“हलले काय गो?” मी सुलीला विचारलं.

“हलले, बाई,” ती म्हणाली. “हलले नसते तर मी परत म्हणूक लावलं असतंय.”